ताटात उरले किती?

नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये किंवा 'मेयो'त रुग्णाला भेटायला गेलो, की आपण विचारतो, "जेवलात का?" उत्तर मिळते, "जेवलो थोडे." हे 'थोडे' मोजायचे कसे?

खात्रीची रीत वजनाची : वाढलेल्या अन्नातून उरलेले वजा करायचे. पण खाटेखाटेपाशी तराजू नेणे अवघड. शिवाय वरण भातात कालवल्यावर दोन्ही वेगळे कसे तोलणार? म्हणून नजरेने अंदाज करतात : काहीच नाही, पाव, अर्धे, पाऊण, सगळे. मात्र तो प्रत्येक पदार्थाचा वेगळा हवा.

समजा, दोन पोळ्यांतून १६०, भातातून १००, वरणातून ८० व भाजीतून ६०, असे एकूण ४०० उष्मांक मिळतात. रुग्णाने वरण-भाजी संपवली, भात अर्धा खाल्ला, पोळ्या तशाच ठेवल्या. ताट बरेचसे रिकामे दिसते. पोटात गेले १९०, म्हणजे निम्म्याहूनही कमी! घरून आलेला डबा अर्थातच वेगळा मोजायचा.

२५ देशांतील १६ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक रुग्णांनी जेवण पूर्ण केले नव्हते, आणि कमी खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. गंभीर आजारानेही भूक मरते, हे खरे. तरीही उरलेले ताट ही धोक्याची सूचना ठरते. तापाप्रमाणे तिचीही नोंद हवी.

वर्गात हा प्रयोग करून पाहू. डब्यात उरलेल्या भाताचा अंदाज पाच विद्यार्थ्यांनी वेगवेगळा लिहावा, मग तो भात तोलावा. आपली नजर किती चुकते, ते कळेल.