सरकारी की खासगी? आधी कागदावर आपलं नाव शोधा!

परदेशी निघालेल्या लेकीची बॅग भरताना आपण काय काय आठवणीनं भरतो! येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, कुकरची जास्तीची रिंग... पण एक कागद मात्र आपण जावईबापूंच्या नाहीतर कंपनीच्या भरवशावर सोडून देतो. तो म्हणजे आजारपणाच्या विम्याचा कागद. 'ते बघतील की सगळं,' असं म्हणून विषय संपतो.

एकेकाळी परदेश हा पुण्या-मुंबईच्या लोकांचा विषय होता. आता तसं राहिलं नाही. लातुरात शिकलेली मुलं जर्मनीत, अमेरिकेत नोकरी करतात. नांदेड, देगलूर, उदगीरकडची कितीतरी पोरं आखातात कामाला आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा तर नर्सिंग झालेल्या मुलींच्या घराघरात जर्मन भाषेच्या क्लासची चर्चा सुरू झाली. मी महिला मंडळाच्या कामानिमित्त दवाखान्यात, तहसीलमध्ये बायकांसोबत जात असते. त्यामुळे रेशनकार्ड, निराधार योजना यांच्या जोडीनं आता हाही प्रश्न येऊ लागलाय, "ताई, तिकडं सरकारी विमा घ्यावा का खासगी?" आणि विचारणारीनं मनात उत्तर ठरवलेलंच असतं. "खासगीच बरा असंल ना?"

तिचंही चुकत नाही. आपल्याकडं 'सरकारी दवाखाना' म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? केसपेपरची रांग, एका खाटेवर दोन पेशंट, 'औषध बाहेरून आणा'ची चिठ्ठी. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यात १२ नवजात बाळं होती. ती बातमी वाचलेली बाई आपल्या लेकीला 'सरकारी घे' कशी म्हणेल? ऐपत असेल त्यानं खासगीत जावं, नसेल त्यानं सरकारीत, हेच गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण थोडं थांबून बघू या. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती आधी आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत आपलं नांदेड होतं. २०१७ पासून तिलाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. या योजनेतून हृदयाची ऑपरेशनं, डायलिसिस करून घेतलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यातल्या काहींचे उपचार चक्क खासगी दवाखान्यात झाले, पैसे सरकारी योजनेनं भरले. म्हणजे पैसा कोण भरतं आणि उपचार कोण करतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की परदेशातला 'सरकारी विमा' समजायला सोपा जातो.

उदाहरण जर्मनीचंच घेऊ. तिथं १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आज तिथले दहातले जवळजवळ नऊ लोक सरकारी नियमांखालच्या विम्यात आहेत. तो विमा 'क्रांकनकासे' म्हणजे आजारपणाचे फंड चालवतात. कार्ड दाखवायचं आणि डॉक्टरकडं जायचं. डॉक्टर बहुतेकदा आपल्या स्वतःच्या दवाखान्यात बसलेला असतो. गरिबांसाठी वेगळी खिडकी असला प्रकार तिथं नाही.

माझी लातूरची भाची लग्नानंतर श्टुटगार्टला गेली. जावई इंजिनिअर. तिथं पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच नोकरदाराला खासगी विमा घेता येतो. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. जावयाचा पगार त्याच्या वर, वय तिशीतलं, तब्येत ठणठणीत. एजंटानं खासगी विम्याचा हप्ता काढून दिला तो सरकारीपेक्षा स्वस्त! शिवाय डॉक्टरची वेळ लवकर मिळते. माझी बहीण इथून फोनवर म्हणाली, "मग विचार कशाचा करताय? खासगीच घ्या." भाचीनं मला फोन केला, "मावशी, तू दवाखान्याची कामं करतेस, तूच सांग ना."

मी म्हटलं, "अगं, तो हप्ता कुणाचा आहे?"

"ह्यांचा."

"आणि तुझा?"

मग कागद नीट वाचला गेला. खासगीत दर माणशी वेगळा हप्ता. तो पगारावर ठरत नाही, वय आणि तब्येत बघून ठरतो. भाचीला थायरॉईडच्या गोळ्या चालू, म्हणजे तिचा हप्ता वाढणार. उद्या मूल झालं की त्याचा तिसरा हप्ता. आणि नव्या खासगी विम्यात बाळंतपणाच्या खर्चासाठी साधारणपणे आठ महिने थांबावं लागतं. सरकारी विम्यात काय? हप्ता पगाराच्या टक्क्यानं. २०२५ साली १४.६ टक्के आणि वर सरासरी अडीच टक्के, त्यातला निम्मा भार कंपनीचा. पगार कितीही मोठा असला तरी एका मर्यादेपुढच्या पगारावर हप्ता नाही. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात, जास्तीचा पैसा न भरता! आधीचा आजार आहे म्हणून नकार नाही, जादा आकार नाही.

एकट्या जावयाचा हिशोब केला तर खासगी स्वस्त. घराचा हिशोब केला तर सरकारी. कागद एकच, पण कुणाला धरून मोजतो त्यावर उत्तर बदलतं! त्यांनी सरकारी घेतला. पुढं बाळंतपण झालं तेव्हा तपासण्या, दवाखाना यांचं वेगळं बिल आलं नाही. 'हेबामे' म्हणजे तिकडची शिकलेली सुईण घरी येऊन बाळाचं वजन करायची, नाळ बघायची, दूध पाजायला शिकवायची. बाळंतपणानंतर १२ आठवड्यांपर्यंत हा हक्क असतो. मात्र ती सुईण पोटुशी असतानाच शोधून ठेवावी लागते, नाहीतर मिळत नाही.

सगळं गोड आहे असंही नाही हं. भाचीला कातडीच्या डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागले. खासगीवाल्याला वेळ लवकर मिळते, हे खरंच आहे. एकटा मुलगा असेल, पगार मोठा असेल, चार-पाच वर्षांत परत यायचं पक्कं असेल तर खासगी त्याला परवडूही शकतो. पण एकदा खासगीत गेलं की मनात आलं म्हणून सरकारीत परतता येत नाही. पगार मर्यादेच्या खाली आला तर वाट उघडते, आणि वयाच्या ५५ वर्षांनंतर तर दार जवळजवळ बंदच. तरुणपणी स्वस्त वाटलेला हप्ता म्हातारपणी जड जातो तो असा.

नर्सिंगला गेलेल्या मुलींना हा पेच सहसा पडत नाही. त्यांचा पगार त्या मर्यादेच्या खाली असतो, त्यामुळे सरकारी विमा आपोआप लागू होतो. कुठला फंड घ्यायचा तेवढं ठरवायचं. शिकायला जाणाऱ्या मुलांनी मात्र जपावं. ३० वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीच्या दरात मिळतो. तो नाकारून स्वस्तातला खासगी घेतला तर शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून परत सरकारीत येता येत नाही. चार पैसे वाचवायला मुलं तिथंच सही करून बसतात.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथं १९४८ पासून एनएचएस ही सरकारी सेवा आहे. व्हिसा काढतानाच माणशी आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड आहे, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम! नवरा-बायको आणि एक मूल तीन वर्षांसाठी निघाले तर ८,५३८ पौंड. आपले दहा लाखांच्या आसपास रुपये झाले. निघायच्या आधीच घर हादरतं. मात्र आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या नर्सना आणि त्यांच्या कुटुंबाला हा अधिभार माफ आहे. अधिभार भरला की डॉक्टर, दवाखाना, बाळंतपण हे सगळं एनएचएसमध्ये. खासगी विमा घेतला म्हणून अधिभार चुकत नाही. तो वरचा खर्च. रांग टाळायला उपयोगी, पण आधीचे आजार आणि नेहमीचं बाळंतपण त्यात बहुधा बसत नाही. रांग तिथं मोठी आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

अमेरिकेत तर आपल्या मुलांना निवड फारशी नाहीच. तिथं सगळ्यांसाठी सरकारी विमा नाही. कंपनीचा विमा हाच आधार. तेव्हा तिथं जाणाऱ्या मुलीनं विचारायचं ते असं, कंपनीच्या विम्यात माझं नाव आहे का, पहिले किती डॉलर आपल्या खिशातून जाणार, आणि ह्यांची नोकरी गेली तर विमा किती दिवस?

आखाताकडं बघू. दुबईत २०१३ च्या कायद्यानं कामगाराचा विमा मालकानं काढायचा असतो, त्याचा हप्ता पगारातून कापायचा नाही. बायको-मुलं तिथं नेली तर त्यांचा विमा काढणं नवऱ्याकडं येतं. जानेवारी २०२५ पासून साऱ्या अमिरातीत खासगी नोकरांसाठी विमा सक्तीचा आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक बायका इथंच राहतात. त्यांनी एक कागद बघून ठेवावा. दहावी न झालेला माणूस कामासाठी आखातात जातो तेव्हा त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात. पण वारसदार म्हणून कुणाचं नाव घातलंय? पॉलिसीचा नंबर घरी लिहून ठेवलाय का? आमच्या मंडळात हे विचारलं तेव्हा बऱ्याच जणींना अशी पॉलिसी असते हेच ठाऊक नव्हतं.

आता आपल्याबद्दल, म्हणजे बाळंतपणाला जाणाऱ्या आयांबद्दल! लेकीच्या विम्यात आई-वडील मावत नाहीत. जर्मनीत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलं. आईसाठी प्रवासाचा वेगळा विमा लागतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा लागतोच. पण या विम्यात मधुमेह, बीपीसारखे आधीचे आजार सहसा धरत नाहीत. इंग्लंडला फिरायला गेलेल्या आईला अपघात विभागात फुकट तपासतात, पण भरती केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल. अमेरिकेचं तर बोलायलाच नको! म्हणून निघण्याआधी इथंच सगळ्या तपासण्या कराव्यात, मुक्कामाला पुरतील इतक्या गोळ्या चिठ्ठीसकट घ्याव्यात, आणि फॉर्मवर आजार लपवू नये. लपवलेला आजार कळला की क्लेम गेलाच म्हणून समजा.

इथला विमा मोडूनही जाऊ नये. आधीच्या आजारांसाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे. पॉलिसी बंद केली तर परत आल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागू शकते. मागं राहिलेल्या सासू-सासऱ्यांचं वय ७० च्या पुढं असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते कुठल्याही उत्पन्नाच्या माणसाला मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र हे कार्ड सीमेपलीकडं चालत नाही.

थोडक्यात काय, तर सरकारी का खासगी या शब्दांना अडकू नका. कागद पुढं घ्या आणि विचारा. यात माझं नाव आहे का? मुलाचं कधी येणार? माझा चालू आजार धरलाय का? बाळंतपणासाठी किती महिने थांबायचं? नोकरी गेली, किंवा उद्या दोघांची वाट वेगळी झाली, तर मी कुठं? जर्मनीत घटस्फोट झाला की बायकोचा नवऱ्याबरोबरचा फुकटचा हक्क संपतो, पण स्वतःच्या नावानं हप्ता भरून त्याच फंडात राहता येतं. हे तिला आधीच माहीत असलेलं बरं. आणि हो, आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा निघायच्या वर्षीचे नियम त्या देशाच्या सरकारी माहितीतून वाचून घ्या, एजंटाच्या तोंडून नको.

हे प्रश्न विचारायला इंग्रजी यावं लागत नाही, जर्मनही नाही. लेकीला शेजारी बसवून मराठीतून विचारा. तिला उत्तर येत नसेल तर तिनं ते शोधून काढावं, आणि मगच सही करावी. डिंकाचे लाडू काय, मागाहूनही पाठवता येतील!