शासकीय गुपिते आणि प्रसिद्धीचा विवेक

राज्यकारभारात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. सैन्याच्या हालचाली, परराष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटी, निविदा उघडण्यापूर्वीचे दर ही त्याची सहज सुचणारी उदाहरणे होत. परंतु 'गोपनीय' हा शिक्का राष्ट्रहित जपण्यासाठी मारला आहे की चूक झाकण्यासाठी, हे नुसत्या शिक्क्यावरून कळत नाही. असे कागद हाती आलेल्या संपादकापुढील नैतिक पेच येथेच सुरू होतो.

या संदर्भात अमेरिकेतील 'पेंटॅगॉन पेपर्स' प्रकरण उद्बोधक आहे. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामविषयक धोरणाचा गोपनीय इतिहास लिहविण्यास प्रारंभ केला. सुमारे ७,००० पृष्ठांच्या या ४७ खंडांतून, युद्धाबाबत जनतेला सांगितले गेले ते आणि शासनास ठाऊक होते ते, यांतील अंतर स्पष्ट झाले. या कामात सहभागी असलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी त्याच्या प्रती 'न्यूयॉर्क टाइम्स'ला दिल्या. १३ जून १९७१ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. शासनाने मनाईहुकूम मिळविला. परंतु ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी प्रसिद्धीचा मार्ग मोकळा केला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाटाघाटींविषयीचे चार खंड एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिले नाहीत. शांततेच्या प्रयत्नांना बाधा येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. शिवाय त्यांनी खटल्याला तोंड दिले. शासनाच्याच गैरवर्तनामुळे तो १९७३ मध्ये रद्द झाला.

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम अस्तित्वात आहे. तथापि, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(२) नुसार, संभाव्य हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येते. राफेल विमानखरेदीसंबंधी वृत्तपत्रात आलेले गोपनीय कागद विचारात घेण्यास शासनाने घेतलेला आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी अमान्य केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका मात्र फेटाळल्या गेल्या. कागद पुढे येणे आणि आरोप सिद्ध होणे, या दोन भिन्न बाबी आहेत.

तात्पर्य, कागद खरा आहे काय, तो जनतेस कळणे आवश्यक आहे काय, त्यामुळे कोणाचे प्राण संकटात येतील काय, हे तीन प्रश्न प्रसिद्धीपूर्वी विचारले गेलेच पाहिजेत. कार्यालयांनीही कलम ४ नुसार माहिती आपणहून खुली ठेवावी. जे दप्तर दारातून वाचावयास मिळते, ते खिडकीतून बाहेर काढण्याची गरज कोणास भासत नाही.