पेन्शनीतले मास्तर आणि शेवटचा बाक

निरोप समारंभात एक वाक्य हमखास येतं: "सरांसाठी शाळेची दारं सदैव उघडी आहेत." शाल, श्रीफळ, मानपत्र, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. मग दोन महिन्यांनी सर खरोखरच त्या दारात येऊन उभे राहिले की मुख्याध्यापकांना काय करावं ते सुचत नाही. ते चहा मागवतात. चहा संपतो, सर घरी जातात. कॅथलिक शाळांमधला हा चहा मी पुष्कळ वर्षं पाहत आलो आहे, काही वेळा प्यायलोही आहे. यंदा संपादकांनी माजी शिक्षकांच्या पुनरागमनाचा आढावा मागितला तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी वसईचा, मराठी माध्यमाचा आणि हट्टी. आढावा कुणीकडे झुकणार ते आताच सांगून टाकलेलं बरं.

परदेशातली हकीकत थोडक्यात उरकतो. अमेरिकेत १८८४च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा हवीच असा दंडक घातला आणि त्या शाळा धर्मभगिनींनी जवळजवळ फुकट चालवल्या. १९६५च्या सुमाराला तिथे बावन्न लाखांच्या आसपास मुलं कॅथलिक शाळांत होती. आज ती सतरा लाखांच्या घरात आहेत. एके काळी शिकवणाऱ्यांत दहातले नऊ व्रतस्थ असत, आता शंभरात तीनही नाहीत. नोत्र दाम विद्यापीठाने १९९३ साली तरुण पदवीधरांना दोन वर्षं गरीब कॅथलिक शाळांत पाठवण्याचा उपक्रम काढला आणि त्यातले काही जण पुढे मुख्याध्यापक होऊन त्याच शाळांकडे परतले. आपल्याकडचे काही विद्वान हे दाखले परिसंवादांत तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण तिथली शाळा फीवर आणि देणग्यांवर चालते, आपली मराठी शाळा अनुदानावर. तिथलं औषध इथल्या दुखण्याला लागू पडत नाही.

चर्चच्या दस्तऐवजांबद्दल मात्र दोन शब्द, कारण ते उद्धृत करणारे पुष्कळ आणि वाचणारे कमी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्याच्या आठव्या परिच्छेदात शिक्षकांना सांगितलं आहे, की मुलं शाळा सोडून गेल्यावरही सल्ल्याने आणि मैत्रीने त्यांच्या पाठीशी राहा. विद्यार्थी शाळेबाहेर गेला तरी शिक्षकाचं नातं सुटत नाही, असाच याचा अर्थ. मग शिक्षक शाळेबाहेर गेल्यावर ते कसं सुटतं, याचं उत्तर आमच्या संस्थाचालकांनी द्यावं. १९८२च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने प्रापंचिक शिक्षकांना मोठा मान दिला. २००७ साली भारतीय बिशपांनी अखिल भारतीय शिक्षण धोरण आखलं, त्यात गरीब आणि दलित मुलांना अग्रक्रम दिला. धोरण छान आहे. कपाटातही छान दिसतं.

आता वसई.

वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला १९९८ साली, पण इथल्या शाळांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी. पापडीचं थॉमस बाप्टिस्टा घ्या, नंदाखाल, निर्मळ, गिरिज, सांडोरच्या बाजूच्या शाळा घ्या. या पट्ट्यातल्या कुपारी आणि वाडवळ घरांतून मास्तर आणि बाई इतक्या निघाल्या की एखाद्या आळीत शिक्षक नसलेलं घर शोधावं लागे. पहिल्या पिढीतले पुष्कळसे व्हर्नाक्युलर फायनल झालेले. सकाळी मिस्सा, मग शाळा, संध्याकाळी वाडीत पाणी. पानवेलीच्या मळ्यात उभं राहून पाढे म्हणून घेणारे मास्तर मी लहानपणी पाहिले आहेत. ते कधी निवृत्त झाले हे आम्हा मुलांना कळलंही नाही, कारण त्यानंतरही ते रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेत, गायनवृंदाला सूर देत, बोटीवर गेलेल्या मुलांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवत. परत येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते गेलेलेच नव्हते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकपदावरून मराठीचा जो आग्रह धरला, तो इथे रुजला तो या मास्तरांनी आधीच मशागत करून ठेवली होती म्हणून. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं तेव्हा वसईतली कितीतरी पेन्शनर मंडळी आपल्याच घरचं कार्य असल्यासारखी हरखली होती. फादर २०२४ साली गेले. तो आग्रह आता कोण धरणार, हे मला दिसत नाही.

मग 'बोलावणं' कधी सुरू झालं? पदं रिकामी राहायला लागली तेव्हा. अनुदानित शाळेतला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मे २०१२मध्ये शासनाने भरतीवर बंदी घातली आणि जागा रिकामी झाली की ती रिकामीच राहू लागली. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याक संस्थेला आपले शिक्षक निवडण्याचा हक्क दिला आहे खरा, पण निवडलेल्याचा पगार सुरू व्हायला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, त्यानंतर पगारासाठीचा शालार्थ आयडी. संचमान्यतेत पट घसरला तर पदच उडतं. या खटाटोपात तरुण शिक्षक वर्षानुवर्षं विनापगार झिजतो आणि दहावीच्या वर्गाला गणिताला कुणी नसतं. अशा वेळी मुख्याध्यापक फोन उचलतात: "सर, जूनपर्यंत तेवढं सांभाळून घ्या." सर घड्याळी तासिकेवर येतात. तासाचे मिळणारे पैसे रिक्षाला जातात. जून येतो, पण मान्यता काही येत नाही.

याला मी पुनरागमन म्हणत नाही. ही ठिगळं आहेत, आणि ठिगळ लावून लावून संस्थांना कापड फाटल्याचंच विस्मरण झालं. शासनही याच मार्गाने गेलं. जुलै २०२३मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी प्राथमिकच्या नव्या शिक्षणसेवकाचं मानधन वाढवून सोळा हजार केलेलं होतं. म्हणजे पेन्शन घेणाऱ्याला वीस आणि डी.एड., टीईटी करून वय उलटत चाललेल्या पोराला सोळा. निवृत्तांनी तरुणांच्या पोटावर पाय देऊ नये असं म्हणणाऱ्यांशी माझा इथे काडीचाही मतभेद नाही. मंजूर पदाच्या खुर्चीत निवृत्त माणसाने बसू नये. अगदी फुकट असलं तरी बसू नये, कारण फुकटचा माणूस मिळाला की संस्था मान्यतेसाठी भांडायचं सोडून देते.

मग त्याने करावं काय? इथून पुढे माझा आवडता विषय. घाईत असलेल्या वाचकांनी पुढचं पान उलटलं तरी चालेल.

शाळेत एक काम असं आहे की ज्याला पद नाही, तासिका नाही आणि शासनाच्या कुठल्याही रकान्यात जागा नाही: पाचवी-सहावीत येऊनही ज्याला वाचता येत नाही अशा मुलाजवळ बसणं. वर्गशिक्षिकेला ते जमत नाही. तिच्यापुढे साठ मुलं, डोक्यावर यू-डायसची माहिती, निवडणुकीची यादी, आणखी कसला तरी ऑनलाइन अर्ज. आमच्या मराठी शाळांत आज मुलं कुणाची आहेत ते पाहा. कॅथलिक घरांतली बहुतेक इंग्रजीकडे गेली. उरलेल्या जागी पूर्वपट्टीतल्या वारली कुटुंबांची मुलं आहेत, साताऱ्या-कोकणातून आलेल्यांची आहेत, बिगाऱ्यांची आणि उत्तरेकडून आलेल्या फेरीवाल्यांची आहेत. घरी वेगळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. त्यांतली पाच-सहा मुलं शेवटच्या बाकावर बसतात आणि न वाचता दहावीपर्यंत ढकलली जातात.

किनाऱ्याजवळच्या एका शाळेत निवृत्त बाई आठवड्यातून तीन सकाळी येतात. वर्ग मागत नाहीत. व्हरांड्यात ग्रंथालयाच्या दाराशी सतरंजी टाकतात. एके दिवशी पाहिलं ते असं. पाटीवर त्यांनी दोन शब्द लिहिले: 'क्रम' आणि 'कर्म'. समोरच्या सहावीतल्या मुलाने दोन्ही सारखेच वाचले. बाईंनी दुरुस्त केलं नाही. त्याला दोन्ही शब्द हळू म्हणायला लावले आणि विचारलं, "र कुणाला जोडून येतो, 'क'ला की 'म'ला?" मुलाने ओठ हलवून पाहिले, पुन्हा म्हटलं, मग 'कर्म'वरच्या रफारावर बोट ठेवून म्हणाला, "हा 'म'च्या आधी, पण बसलाय 'म'च्या डोक्यावर." बाईंनी फक्त मान हलवली आणि पुढचे शब्द लिहिले: 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक'. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही 'शाब्बास' म्हटलं नाही. पस्तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवलेल्या बाईला मूल कुठे अडलं आहे ते त्याच्या ओठांवरून कळतं. ही नजर बी.एड.च्या कुठल्या पेपरात मिळत नाही, आणि आम्ही ती अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देऊन घरी पाठवतो.

दुसरं काम रजिस्टरांचं. हे ऐकून लोक हसतात. जातपडताळणीसाठी आदिवासी कुटुंबाला १९५०पूर्वीचा पुरावा हवा असतो, इतर मागासवर्गीयांना १९६७पूर्वीचा. अशा वेळी आजोबांच्या नावाची शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ सोन्याच्या मोलाची ठरते. आमच्या जुन्या शाळांची रजिस्टरं त्या काळापासूनची आहेत, पण पानं तुटतात, शाई फिकी झाली आहे, नावापुढे आडनाव नाही, गावाऐवजी पाड्याचं नाव. नवा क्लार्क "नोंद आढळत नाही" असं लिहून मोकळा होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक भिंग घेऊन बसायचे, कारण कुठल्या पाड्याला कोण काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शोधून दिलेल्या नोंदींवर किती पोरांची कॉलेजं झाली याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

परतू पाहणाऱ्यांत एक गट बायकांचाही आहे. लग्न झालं, मूल झालं, नोकरी सुटली. नवरा आखातात, सासू आजारी. पंधरा वर्षांनी मूल मोठं झाल्यावर या पुन्हा शाळेकडे वळतात. त्यांना पदही हवं असतं आणि ते मिळायलाही हवं. पण टीईटी, वयोमर्यादा आणि सेवेतला खंड यांत त्या अडकतात. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

वसईबाहेरही थोडं पाहू. गोव्यात १९९० साली फक्त कोकणी आणि मराठी प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा महाधर्मप्रांताने आपल्या प्राथमिक शाळा कोकणीत नेल्या. २०११मध्ये इंग्रजीला अनुदान मिळताच बहुतेक शाळा परत इंग्रजीत गेल्या. देवनागरीत शिकवण्यासाठी ज्या शिक्षिकांनी उतारवयात नव्याने धडे घेतले, त्यांचं कौशल्य एका निर्णयात निरुपयोगी ठरलं. नगरकडची परंपरा आणखी वेगळी. तिथल्या मिशनांत गावोगावचा मास्तर हाच शिक्षक आणि हाच धर्मशिक्षक, फादर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारख्या शाळांत आलेली पहिली मुलं अशाच मास्तरांच्या हाताखालून आलेली. मुंबईतल्या नामांकित इंग्रजी शाळांत माजी शिक्षक परततात ते बहुधा समुपदेशक किंवा सल्लागार होऊन, केबिनसह. त्यावर मी काही लिहीत नाही.

केबिनवरून आठवलं. आमच्याच एका ज्येष्ठ संस्थाचालकांनी मला जाहीर सभेत सुनावलं होतं, "जुनी माणसं परत आली की गटबाजी येते." यात तथ्य आहे. निवृत्त मुख्याध्यापक 'मार्गदर्शक' म्हणून आले की नव्या मुख्याध्यापिकेच्या प्रत्येक सूचनेवर त्यांची शेरेबाजी सुरू होते आणि शिक्षकखोलीचे दोन तट पडतात. पण औषध साधं आहे: खुर्ची देऊ नका, सतरंजी द्या. सत्ता नसलेल्या माणसाची गटबाजी चालत नाही. दुसरे एक लेखक-मित्र म्हणतात, स्मार्ट बोर्डच्या काळात पाटी कशाला? त्यांनी एकदा सहावीतल्या त्या मुलाला स्मार्ट बोर्डवरचं वाक्य वाचायला सांगावं.

खरी घसरण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ज्या आवारात मराठी शाळा आहे त्याच आवारात आता इंग्रजी माध्यमाचा स्वयंअर्थसहाय्यित विभाग निघतो. त्याला रंग, नवीन बाकं, लिफ्ट. निवृत्त शिक्षकांना बोलावणं येतं ते या विभागासाठी, अर्ध्या पगारावर, कारण ते शिस्तीचे असतात आणि वाढ मागत नाहीत. पलीकडच्या मराठी शाळेचं छप्पर गळतं आणि तिच्या एकेक तुकड्या बंद होत जातात. गरिबांना अग्रक्रम देणाऱ्या त्या २००७च्या धोरणाचा अर्थ हाच असेल तर बिशपसाहेबांनी तसं लिहून द्यावं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तेव्हा मुख्याध्यापकांनी एवढंच करावं: पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा, न वाचणाऱ्यांची यादी करावी आणि ती यादी घेऊन आपल्या धर्मग्रामातल्या पेन्शनर शिक्षकांच्या घरी जावं. फोन नको, प्रत्यक्ष जावं. मंजूर पद, तासिका, हजेरीपट यांपैकी काही देऊ नये, येण्याजाण्याचा खर्च मात्र जरूर द्यावा. पेन्शनर मंडळींनो, तुमच्याकडे कुणी आलं नाही, तर मानपानाची वाट न पाहता तुम्हीच मुख्याध्यापकांकडे जाऊन ती यादी मागा. चहा दिला तर घ्या, पण यादी घेतल्याशिवाय उठू नका.