भिवापुरी मिरचीचे बी

नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची नावाजलेली. तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती पाहावी म्हणून आम्ही पौषात उमरेडच्या वाटेने तेथे एका शेतकऱ्याकडे गेलो. खळ्यात लाल राशींभोवती बाया देठ खुडीत बसल्या होत्या. ठसक्याने आम्हास बोलवेना.

शेतकऱ्याचे दुःख निराळे. शेजारच्या बांधापलीकडे संकरित मिरची लागली आहे. मिरचीत परपरागीभवन बरेच होते, आणि माश्या काही सातबारा पाहत नाहीत! प्रमाणित बियाण्यास अन्य वाणापासून २०० मीटर अंतर राखावे लागते. याचे शेतच तेवढे रुंद नाही. आम्हीही उभ्या नोकरीत पेरेपत्रकात नुसते ‘मिरची’ असे लिहीत आलो. वाण कोणता, हे कधी पुसले नाही. शेवटी त्याने परसात चार वाफे मच्छरदाणीच्या कापडाखाली राखले असून बी त्यांतलेच धरतो. त्यातील मूठभर वाळली फळे त्याने आम्हास दिली.

सायंकाळी नागपुरास एका हलबा कोष्टी स्नेह्यांकडे सावजी रस्सा होता. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेतील मालिंदीहून वाटाड्या घेऊन कालिकतास आला, तो मिऱ्यांसारख्या मसाल्यांसाठी. अमेरिकेतील मिरची पोर्तुगीजांनी इकडे आणली ती त्यानंतर. सावजी वाटणात दोन्ही तिखटे नांदतात, सोबतीस दगडफूल व खसखस. जुन्या घरी तेल जवसाचे. गृहिणीने आमच्या मुठीतल्या चार मिरच्या वाटणात घातल्या. उरलेल्यांचे बी आम्ही मृगापूर्वी वाफ्यात टाकणार आहो.