ढगांचं स्टेशन

२६ जुलै २००५च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. त्या रात्री कल्याण-डोंबिवलीतही पाणी तळमजले गिळून वर चढलं होतं. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: इतका नेम धरून पाऊस पडतो तरी कसा? त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१९ला, पुन्हा २६ जुलैच्याच रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी होड्या आणि हेलिकॉप्टरं आणून हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. तारीख तीच निघाल्यावर मग काय विचारता! ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दर पावसाळ्यात एक संदेश फिरतो, त्याला असं खतपाणी मिळत गेलं. संदेशाचा मथितार्थ असा: अमेरिकेने अलास्कात रेडिओचे प्रचंड प्रक्षेपक उभारलेत, त्यांचं नाव हार्प, आणि आपल्याकडचा पाऊस तिथून चालवला जातो.

याला हसून मोकळं होणं सोपं आहे. पण हार्प ही थाप नाही. अलास्कातल्या गाकोना नावाच्या गावाजवळ ती वसाहत खरोखर आहे. १९९३ला काम सुरू झालं, २००७ला पूर्ण झालं, आणि पैसा अमेरिकेच्या हवाई दलाचा, नौदलाचा आणि लष्करी संशोधन संस्थेचा होता. सुमारे तेहेतीस एकरांवर १८० अँटेना उभ्या आहेत. प्रक्षेपणाची ताकद ३.६ मेगावॉट, लहरी २.७ ते १० मेगाहर्ट्झच्या. २०१५ला सगळा कारखाना अलास्का विद्यापीठाच्या ताब्यात गेला. त्याआधी, १९८७ला, बर्नार्ड ईस्टलंड या भौतिकशास्त्रज्ञाला एक पेटंट मिळालं होतं. जमिनीवरून रेडिओलहरी सोडून वरच्या वातावरणात फेरफार करण्याची कल्पना त्यात होती आणि हवामान बदलण्याचाही उल्लेख होता. संशय उगवायला एवढी माती पुरेशी आहे. लष्कराचा पैसा, कुंपण आणि पेटंट एकत्र आल्यावर लोकांनी शंका घेतली नसती तरच नवल.

प्रश्न एवढाच, की त्या अँटेना नेमक्या कशाला तापवतात? इथे आपल्या वडीलधाऱ्यांची आठवण कामी येते. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकताना आवाज मधूनच लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. कोलंबोहून निघालेली लघुलहर सरळ डोंबिवलीला येत नसे. ती वर जाऊन आयनांबरावर आपटायची आणि परावर्तित होऊन खाली यायची. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरांवर सुरू होणारा आणि कित्येकशे किलोमीटर उंच गेलेला हा विरळ थर. सूर्यप्रकाशाने तिथल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात, आणि तेच सुटे इलेक्ट्रॉन रेडिओलहरींशी झटतात. गीतमाला लागायची तो ४१ मीटरचा पट्टा म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी. हार्पच्या लहरी याच घराण्यातल्या. हार्प त्या एकवटून आयनांबराचा छोटा तुकडा किंचित तापवतं, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनांना धक्का देतं आणि काय होतं ते मोजतं. कधी आकाशात फिकट उजेडही उमटतो. प्रक्षेपण थांबलं, की तो तुकडा थोड्याच वेळात मूळ पदावर येतो.

ढग मात्र तिथे नसतात. आपल्याकडचे पावसाळ्यातले सर्वांत उंच गडगडाटी ढगसुद्धा सोळा-अठरा किलोमीटरांवर माथा टेकतात. त्या खालच्या हवेत सुटे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. त्यामुळे हार्पच्या लहरी ढगांमधून आरपार जातात, आणि जे अडत नाही ते तापवणार कसं? जिथे त्या अडतात त्या उंचीवरही, हार्पच्याच माहितीनुसार, एका चौरस सेंटिमीटरवर तीन मायक्रोवॉटपेक्षा कमी ताकद पोचते. उन्हाच्या तुलनेत हा चाळीसेक हजारावा भाग.

आता हिशेब करू. अशा वादात जो तो मत देतो, आकडेमोड कुणी करत नाही. कल्याण-डोंबिवलीचं क्षेत्र ढोबळमानाने शंभर चौरस किलोमीटर धरू. जुलैत इथे एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणं ही काही बातमी नव्हे. शंभर चौरस किलोमीटरांवर शंभर मिलिमीटर म्हणजे एक कोटी टन पाणी. वाफेचं पाणी होताना दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि ढगाला वर ढकलणारी शक्ती तीच. गुणाकार केला, की एका शहरावरच्या एका दिवसाच्या पावसामागची ऊर्जा मिळते. तेवढी ऊर्जा हार्पला पुरवायची असेल, तर पूर्ण ताकदीने, एक क्षणही न थांबता, सुमारे २२० वर्षं चालावं लागेल. म्हणजे पेशवाई संपता संपता बटण दाबलं असतं, तर काम अजूनही पुरं झालं नसतं. हेच चोवीस तासांत उरकायचं म्हटलं तर २ लाख ९० हजार मेगावॉट लागतील. मे २०२४मधल्या कडक उन्हाळ्यात अख्ख्या भारताची विजेची मागणी विक्रमी झाली तेव्हा ती अडीच लाख मेगावॉट होती. आणि हार्पचे ३.६ मेगावॉट? डोंबिवली स्टेशनातून वेग घेत सुटणारी बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच वीज ओढते.

यावर हुशार माणूस विचारतो, की जंगल पेटवायला जंगलाएवढी आग लागत नाही, एक काडी पुरते. ऊर्जा ढगाची असेल, पण खटका दुसऱ्याने ओढला तर? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. ढगाला खटका असतो हे महाराष्ट्राने स्वतःच्या जमिनीवर तपासलेलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे ढगांमध्ये मिठाचे कण पेरून पाहिले आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ नोंदवली. पुढे याच संस्थेने सोलापूर भागात विमानांतून प्रयोग केले. तिथे बीजारोपणानंतर वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. २००९ला पाऊस रुसला तेव्हा मुंबई महापालिकेनेही आपल्या तलावांच्या पाणलोटावर, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, हा मार्ग चोखाळला होता. म्हणजे खटका आहे. पण तो कसा आहे ते बघा. विमान ढगाच्या पोटाशी न्यावं लागतं आणि ढग आधीच तयार लागतो. मीठ थेंबांना मोठं व्हायला आधार देतं म्हणून काम होतं. रेडिओलहर यातलं काहीच करत नाही. समजा, ढगातलं पाणी शोषेल अशी सूक्ष्मलहर निवडली, तर ती थेंबांना गरम करेल, आणि गरम झालेला थेंब बाष्प होऊन जाईल. पाऊस पडायला हवा वर जाऊन थंड व्हावी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीच्या कडेने पेट्रोल जाळून धुकं उडवलं होतं. उष्णतेने ढग विरतो, भरत नाही, हे त्यांनी भरपूर इंधन फुंकून दाखवलं.

माझ्या मते खटक्याच्या युक्तिवादाला खरं उत्तर वेगळंच आहे. ज्याला पाऊस हवा तिथे पाडायचा, त्याला आधी तो कुठे पडणार हे कळायला हवं. नाहीतर आपल्या खटक्याने पडला की आपला आपण पडला, हे त्यालाही कळणार नाही. २००५ला किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि उत्तर मुंबईवर उभे राहिलेले गडगडाटी ढग यांचा मेळ जमला. कुलाबा त्यामानाने कोरडं आणि सांताक्रूझ बुडालेलं असेल, हे सकाळी कुणालाही सांगता आलं नव्हतं. आजही उद्या कल्याणला पडेल की शहापूरला, हे नेमकं सांगताना हवामान खात्याला घाम फुटतो. ज्यांना अंदाजच जमत नाही त्यांना नेम कसा जमेल?

तरीही रेडिओप्रक्षेपकांनी कुठलंच हवामान बदलत नाही असं ठोकून द्यायला मी तयार नाही, कारण अवकाशातलं एक हवामान ते खरोखर बदलतात. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदलं अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी वापरतात. आपल्या नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन. जगभरच्या अशा केंद्रांच्या लहरी अवकाशात झिरपून पृथ्वीभोवती एक बुडबुडा करतात आणि तिला वेढणाऱ्या भारित कणांच्या प्रारणपट्ट्याची आतली कड बाहेर ढकलतात, असं नासाच्या व्हॅन अॅलन यानांच्या नोंदींवरून २०१७ला सांगण्यात आलं. हजारो किलोमीटर उंचीवरची ही गोष्ट आहे. उपग्रहांना तिच्याशी कर्तव्य आहे, उल्हास नदीला नाही.

आणि आयनांबराचा अभ्यास करायला अलास्काला जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार १९९९पासून १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरी वर सोडतं आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरांवरचे वारे मोजतं. त्याच कोल्हापुरात २०१९ला पंचगंगेचा महापूर आला. त्याचा दोष या रडारवर टाकल्याचं मी ऐकलेलं नाही, कदाचित लष्कराचं कुंपण नाही म्हणून. भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय पनवेलला, आपल्या शेजारीच. तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेतून आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ला ती उपकरणं अलिबागला हलवली गेली. माणसाच्या विजेचा निसर्गाच्या नोंदींत होणारा हस्तक्षेप शास्त्रज्ञांनी असा शंभर वर्षांपूर्वीच मनावर घेतला होता.

रेडिओ आणि पावसाचं खरं नातं उलट्या दिशेने आहे. ढग स्वतःच प्रक्षेपक आहे. जुन्या मध्यमलहरी रेडिओवर गाणं चालू असताना कडकड आवाज यायचा, ती कुठेतरी पडलेली वीज असायची. प्रत्येक वीज रेडिओलहरींचा स्फोट करते. पुण्याच्या हवामान विज्ञान संस्थेने महाराष्ट्रापासून सुरुवात करून संवेदकांचं जाळं विणलंय ते हेच ऐकायला. अनेक ठिकाणी तोच स्फोट ऐकला, की वेळेच्या फरकावरून वीज कुठे पडली ते निघतं, आणि मोबाईलवरच्या दामिनी अॅपला इशारा जातो. शेतात उभ्या माणसाच्या जिवाशी संबंध असलेलं ‘रेडिओने हवामान’ असलं तर ते हे.

रडारही यातलंच. २००५ला मुंबईकडे डॉप्लर रडार नव्हतं. कुलाब्याचं नंतर आलं आणि जोगेश्वरीच्या वेरावलीतलं जानेवारी २०२२मध्ये. कुलाब्याहून निघालेली शलाका पृथ्वीच्या वक्रतेमुळे जितकी लांब जाईल तितकी उंच उठते, आणि मध्ये इमारती असतात. म्हणून कल्याण, बदलापूर, कर्जतच्या अंगावर जवळचं रडार असणं महत्त्वाचं. घाटात पडलेलं पाणी उल्हासने कल्याणपर्यंत यायला काही तास घेतं. ते तास हातात असणं हाच इथला प्रश्न, आणि त्यात भरतीची वेळ जुळली तर वालधुनी नदीलाही खाडीत शिरायला जागा उरत नाही. शहराने या दोन्ही नद्यांचे काठ भरून काढले, ते कुठल्याही अँटेनाने नव्हे. मानवनिर्मित हवामानाची डोंबिवलीकरांना तशीही ओळख आहे. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला होता, आणि २०२०ला औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. त्यासाठी बोट अलास्काकडे दाखवायची गरज कुणाला वाटली नाही.

गंमत अशी, की ज्या मोबाईल टॉवरांवर पाऊस पळवल्याचा आरोप होतो, ते पाऊस मोजू शकतात. जोराची सर आली की डिशचा टीव्ही गोठतो, कारण त्याच्या अडीचेक सेंटिमीटरच्या लहरी थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लहरींचंही तेच होतं. संकेत किती क्षीण झाला यावरून मधल्या वाटेवर किती पाऊस पडतोय ते काढता येतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००६ला हे दाखवलं, आणि २०१३ला नेदरलँड्समध्ये अशा सुमारे २४०० जोडण्यांवरून अख्ख्या देशाचा पावसाचा नकाशा काढला गेला. ठाणे ते बदलापूर पट्ट्यात पर्जन्यमापकं मोजकी आणि टॉवर गल्लोगल्ली. संकेत किती घटला याची नोंद कंपन्या ठेवतात ती स्वतःचं नेटवर्क सांभाळण्यासाठी. डच संशोधकांनाही ती एका मोबाईल कंपनीकडूनच मिळवावी लागली होती.