वडावरची उलटी मंडळी

होस्टेलमागच्या वडाचा शेंडा पाहिलात? भर पावसाळ्यातही बोडका. कारण सर्वांना माहीत आहे. शंभरेक वटवाघळं तिथे दिवसभर उलटी लटकून भांडत असतात. मागच्या महिन्यात झाडच तोडा म्हणून विंगमधून अर्ज फिरला. मीही सही करून मोकळा झालो. (दोरीवरचा माझा पांढरा शर्ट त्यांनी रंगवला होता.) नंतर सुट्टीत थोडं वाचन केलं आणि पंचाईत झाली.

आरोप तसा खराच आहे. ही फळं खाणारी मोठी वटवाघळं. पंख पसरले की सव्वा मीटर भरतात, वजनही किलोच्या आसपास. नखांनी सरकताना पानं ओरबाडली जातात, डहाळ्या मोडतात. (‘डहाळी’ हा शब्द आज्जीकडून साभार. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ‘ब्रँच’ म्हटलं की मेकॅनिकल, सिव्हिलच आठवतं.) पान गेलं की झाडाचं स्वयंपाकघर बंद. मग नवी पालवी फोडायला साठवलेला स्टार्च खर्च होतो. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये यांच्याच भाऊबंदांमुळे जुनी झाडं मेली, तेव्हा २०१२ मध्ये मोठमोठे आवाज लावून त्यांना हुसकावलं गेलं.

पण सगळी झाडं सारखी नसतात. माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर. तो गेला की खेळ खलास. वडाच्या फांद्यांवर मात्र झोपलेले डोळे असतात, ते वेळ पडली की फुटतात. शिवाय पारंब्या जमिनीत जाऊन नवे खांब उभे करतात.

मग आपला वड का सावरत नाही? जरा खाली बघा. पार्किंगसाठी थेट बुंध्यापर्यंत सिमेंट! मुळांनाही हवा लागते, पाणी मुरावं लागतं. पारंब्या तर डोक्याला लागतात म्हणून आपण दरवर्षी छाटतो. म्हणजे वरून गळती आणि खालून पुरवठा बंद. वटवाघळं निदान नवीन वड तरी लावतात. फळं खाऊन बिया दूरवर टाकतात.

आणि तोडणं सोपंही नाही. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. वटवाघळं पूर्वी वन्यजीव कायद्यात कावळे-उंदरांसोबत उपद्रवी यादीत होती, पण २०२२ च्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण मिळालं.

नवा अर्ज मेसच्या बोर्डावर लावलाय : बुंध्याभोवतीचं मीटरभर सिमेंट फोडा, दोन पारंब्या खाली येऊ द्या. सह्या आतापर्यंत अकरा. कपड्यांची दोरी मी जिमखान्यामागे हलवली आहे.