कुकूचकू, आरवणे आणि खुडूक

निबंधाच्या वह्या तपासताना ‘पहाटे कोंबडी आरवली’ हे वाक्य आम्हांला दरवर्षी भेटते. विद्यार्थी मित्रांनो, आरवतो तो कोंबडा! संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज. ‘रव’ हा त्याच घराण्यातला शब्द. ‘कुक्कुट’ हे नाव मात्र सरळ कोंबड्याच्या आवाजावरून पडले. पक्ष्यांची पुष्कळ नावे अशीच पडतात, असे यास्काने निरुक्तात कावळ्याचे उदाहरण देऊन सांगितले आहे. पाणिनीचे ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत स्वर शिकवतानाही कोंबड्याच्या ‘कु, कू, कूऽऽ’चा दाखला देण्याची जुनी परंपरा आहे. म्हणजे व्याकरणाचा पहिला तास कोंबड्यानेच घेतला म्हणायचा.

आपला आदिलाबाद जिल्हा 1956 साली आंध्र प्रदेशात गेला, 2014 पासून तेलंगणात आहे. आपल्या घरी कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, शेजारच्या तेलुगू घरी ‘कोक्कोरोको’. कोंबडा एकच, पण प्रत्येक भाषा त्याचा आवाज आपल्या अक्षरांत बसवून घेते. तेव्हा मित्राला हसू नये. तेलुगूतील ‘कोडी’ आणि गोंडीतील ‘कोर’ ही कोंबडीची नावे तर सख्खी भावंडे आहेत.

आमचा आवडता शब्द ‘खुडूक’. अंडी घालणे थांबवून कोंबडी उबवायला बसली, की ती खुडूक झाली म्हणतात. अंग फुगवून ती घशातल्या घशात ‘कुडुक्, कुडुक्’ करते. हिंदीत तिला ‘कुडक मुर्गी’ म्हणतात. जर्मनमधील ‘ग्लुके’ हाही आवाजावरूनच आलेला शब्द. आपला ‘खुडूक’ही तसाच असावा, असे आम्हांस वाटते. ती सुमारे 21 दिवस बसते. शेवटी पिलू अंड्याच्या आतूनच चिवचिवते आणि आई त्याला ओ देते.

हा शब्द आता निम्म्या वर्गाला माहीत नसतो. त्यात मुलांचा दोष नाही. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी पाळलेल्या जाती क्वचितच खुडूक होतात. त्यांची अंडी यंत्रात उबवतात. कोंबडीच खुडूक होईनाशी झाली, तर शब्द कोणाच्या तोंडी राहणार?

पालकांना एक विनंती. आकाशात घार दिसली की कोंबड्या एक आवाज काढतात, मांजर दिसले की दुसरा. संशोधकांनीही हा फरक नोंदला आहे. आपल्या घरातील आजी-आजोबा या आवाजांना काय म्हणत, ते मुलांना विचारू द्यावे आणि वहीत लिहून वर्गात आणू द्यावे. पुढच्या अंकात आम्ही ते शब्द छापू.